सोळा लाह्या

आमच्या सोनूचं वजन नऊ किलो शंभर ग्रॅम होतं, आणि ते वाढवायचं कसं हे ठाऊक नसलेलं एकच माणूस हुमनाबादेत होतं. ते म्हणजे मी, तिची आई.

बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या कमलम्मांचं म्हणणं, केळं बंद कर, कफ होतो. वरच्या मजल्यावरचे अंकुशराव तुरीचे व्यापारी आहेत आणि त्यांनी जन्मात एका लेकराला घास भरवलेला नाही. ते जिना उतरता उतरता म्हणायचे, "केळं चालू करा ताई. सकाळी एक, संध्याकाळी एक." माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, ज्यांना मी मामी म्हणते, त्यांच्या मते दोष केळ्यात नव्हताच, नजरेत होता. दर शनिवारी त्या मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकायच्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर नजर लागलेली असते म्हणतात. आम्हाला दर वेळी इतका ठसका यायचा की कमलम्मांच्या घरातूनही खोकल्याचा आवाज ऐकू यायचा. तरी सोनू जेवायची नाही. माझा नवरा शिवराज एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याचा सल्ला त्या खात्यातला होता. "आत किती गेलं ते लिहून ठेव." मी लिहायचे. वहीतली एक नोंद अशी आहे : 'वरणभात, दोन घास. पैकी एक परत.'

सव्वादोन वर्षांची पोर. जेवायला बसवली की मामी समोरच्या दातांतली फट दाखवत हसून टाळ्या वाजवायच्या, शिवराज खिडकीतून जाणाऱ्या लॉऱ्या दाखवायचा, आणि मी समोर चमचा धरून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मी बघते, ही माझी जुनी सवय. कॉलेजात मला 'सीसीटीव्ही' म्हणत. सोनू माझ्याकडे बघायची, मी सोनूकडे, आणि दोघींच्या मधे वरणभात थंड व्हायचा.

ऑगस्टच्या पाच तारखेला अंगणवाडीच्या मंगलबाईंनी वजनाच्या कार्डावर टिंब काढलं. कार्डावर तीन पट्टे असतात, हिरवा, पिवळा आणि लाल. टिंब पिवळ्यात पडलं.

"वैनी, घाबरू नका," मंगलबाई म्हणाल्या. हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं आहे, त्यांनी त्यानंतर घाबरण्यासारखंच काहीतरी सांगितलं आहे. "पुढच्या पाच तारखेला परत मोजूत. चढलं तर चांगलंच. पर असंच घसरत घसरत लालमधी गेली, तर जिल्ह्याच्या दवाखान्यात चौदा दिस भरती करावं लागतंय."

चौदा दिवस. मी घरी येऊन कॅलेंडरवर पुढच्या पाच तारखेला गोल केला. इतका दाबून केला की तो ऑक्टोबरपर्यंत उमटला.

त्यातच माझा प्रकल्प होता. एका लेकराला जेवू कसं घालावं हे शिकायला मी घरबसल्या आहारशास्त्राच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं, आणि त्यात शेवटी प्रकल्प द्यावा लागतो. माझ्या प्रकल्पाचं नाव होतं, 'आहाराविषयीच्या समजुती व दृष्टिकोन यांचे मापन'. नाव भारदस्त होतं, हेतू मात्र कपटी. माझी खात्री होती की सोनूच्या पोटात अन्न जात नाही कारण ती बाहेरच्या समजुतींनी वेढली आहे. त्या एकदा कागदावर आकड्यांत मोजल्या, की मामींच्या पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायचं, बघा. पुढे काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. मामींसमोर 'बघा'च्या पुढे सहसा जाता येत नाही.

दहा विधानं केली. 'पावसाळ्यात दही खाल्ल्याने सर्दी होते.' 'पपई उष्ण असते.' मुद्दाम उलटतपासणी म्हणून, 'पपई थंड असते.' अशी नऊ. दहावं विधान आमच्या मार्गदर्शकांनी, कलबुर्गीच्या रेवणसिद्धप्पा सरांनी, घालायला लावलं : 'मी कोणाच्याही घरचे अन्न आनंदाने खाऊ शकते.' प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. अजिबात न पटल्यास एक, पूर्ण पटल्यास पाच. आणि घरं पंचवीस.

आता एखाद्या घरी जायचं, त्यांच्या खाण्याची चौकशी करायची, आणि काही न खाता उठायचं, हे आमच्याकडे जमत नाही. तसं उठणं म्हणजे घरात काही शिजत नाही असं त्यांच्या तोंडावर म्हणणं. कमलम्मांनी कागद बघण्याआधी माझ्या हातात गव्हाच्या हुग्गीची, म्हणजे खिरीची, वाटी दिली.

"पहिलं खा अव्वा, मग काय इचारायचं ते इचार." अव्वा म्हणजे कानडीत आई; आमच्या या कर्नाटकाच्या सीमेवर लेकीसुनांनाही तसंच म्हणतात.

मी खाल्लं. विचारलं, पपई उष्ण असते का?

"पाच."

थोड्या वेळाने, पपई थंड असते का?

"पाच."

"अक्का, दोन्ही कसं?"

"सकाळी उष्ण, दुपारनं थंड. तू लिही गं. शिकलेली पोर तू, तुला काय मी न्हाई म्हणू?"

पंचवीस घरांत हेच. सगळ्यांनी सगळ्याला पाच दिले. दहाव्याला तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. मामी म्हणाल्या, "लिही पाच. त्यात काय इचारायलीस? अन्न म्हंजे देव. देवाला काय घर असतंय?" हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते समासात उतरून ठेवलं.

फक्त अंकुशरावांनी एक दिला. सगळ्यालाच. रेशनकार्ड तपासायला मला वरून पाठवलंय असं त्यांना वाटलं. "आम्ही कुठलं दही खायलाव ताई? शिळा तुकडा आन मिरची," असं ते डोळे बारीक करून सांगत असताना आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, श्रीखंड उरलंय तेवढं संपवा की!" हा संशय त्यांनी गल्लीभर केला, आणि पुढचे दोन दिवस मी दिसले की घराघरांतला फोडणीचा वास बंद व्हायचा. ज्या गल्लीत मी सून म्हणून मान खाली घालून वावरले, तिथे लोक मला बघून कढईवर झाकण ठेवू लागले.

पंचवीस घरं, पंचवीस वाट्या. पाहणी संपली तेव्हा वजनकाट्यावर मी दोन किलोने पुढे होते. सोनू होती तिथेच.

कागदांची पिशवी घेऊन मी कलबुर्गीच्या बसमध्ये बसले. सरांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक कागद उलटला.

"मंजुश्री अव्वा, यात मत कुठं आहे?"

"सर, पाच-पाच गुण आहेत की."

"हे मत नाही, हा मान आहे. तुमच्या तोंडाकडं बघून दिलेला." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही विचारून झाल्यावर माणसाकडं बघत बसता, व्हय ना?"

मी त्यांच्याकडे बघत बसले होते. नजर खाली केली.

"बघू नये. बघितलं की माणूस आपल्याला पाहिजे ते देतो, नाही तर काहीच देत नाही. शब्द नकोत, कागद नको. दाणे द्या हातात. आडोशाला जाऊन टाकू द्या. तुम्ही पाठ करून बसा."

बसमध्ये मी ठरवलं, दाणे. मन्नाएखेळ्ळी हे मामींचं माहेर. नुकत्याच झालेल्या नागपंचमीला तिथून ज्वारीच्या लाह्यांचा मोठा डबा आला होता. सोनूने त्यातली एकही तोंडात घातली नव्हती, हे वहीत आहे. मामींना मी विचारलं तर म्हणाल्या, "घे की. नाही तरी तुझी लेक खाईना."

शुक्रवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत अकरा बायका जमल्या. मामी धरून अकरा. मंगलबाईंच्या सासू चांगुणाबाईही आल्या होत्या. अंगणवाडीला लागून त्यांचं घर, बचतगटाच्या अध्यक्ष, सभेत बोलायची सवय. त्यामुळे त्या बसल्या तरी उभ्या असल्यासारख्या वाटतात. मामींनी सगळ्यांना चहा दिला. दहा जणींना कपात, चांगुणाबाईंना कागदी पेल्यात.

"कप कमी पडले बाई," मामी म्हणाल्या.

मांडणीवर सहा कप पालथे होते. ते मी पाहिले. मी पाहिलं ते चांगुणाबाईंनी पाहिलं. मी लाह्यांचा डबा उघडायला आत गेले.

मधल्या खोलीत दोरीवर जुनं लुगडं टाकून आडोसा केला. आडोशामागे पाट, पाटावर नंबर घातलेल्या नऊ वाट्या. दहावी मावेना, म्हणून ती धान्याच्या कोठीवर. मी बाहेर भिंतीकडे तोंड करून एकेक विधान वाचायचं, बाईने मूठभर लाह्या घेऊन आत जायचं, पटेल तेवढ्या, एक ते पाच, त्या नंबरच्या वाटीत टाकायच्या, उरलेल्या डब्यात परत. कोणी कोणाचं बघायचं नाही.

मला सांगायला अभिमान वाटतो की हे सगळं शिस्तीत पार पडलं. अकरा बायका, दहा विधानं, एकशे दहा फेऱ्या. कमलम्मा दर वेळी आतून ओरडायच्या, "अव्वा, चार टाकले बघ!" आणि मी दर वेळी ओरडायचे, "अक्का, सांगायचं नाही!" सोनू आतल्या खोलीत झोपली होती. आडोसा करताना तिला बजावलं होतं, "ह्याला हात लावायचा नाही. हा मम्मीचा अभ्यास आहे."

बायका गेल्या. मी वही आणि पेन घेऊन लुगडं बाजूला केलं.

पाटावर नऊ वाट्या होत्या. रिकाम्या. आतल्या खोलीचं आडोशामागे उघडणारं दार सताड उघडं होतं. नवव्या वाटीपाशी सोनू मांडी घालून बसली होती आणि 'पपई थंड असते' यातली शेवटची लाही चिमटीत धरून जिभेवर ठेवत होती. गाल भरलेले. हनुवटीवर एक लाही चिकटलेली; तीही तिने काढून खाल्ली.

मी किंचाळणार होते. पण काय म्हणून किंचाळायचं ते ठरेना. इतक्या दिवसांचा अभ्यास पोटात गेला होता. आणि पोटात गेला होता! मी लुगडं हळूच खाली सोडलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. मामी आल्या, त्यांनी फटीतून बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कानात बोलल्या.

"सगळं खाल्लं?"

"सगळं."

"कोणी भरवलं?"

"कोणी नाही."

मामी माझ्या शेजारी बसल्या. आतून वाटी चाटल्याचा आवाज आला.

दहावी वाटी कोठीवर असल्याने वाचली होती. तिच्यात सोळा लाह्या निघाल्या. मी तीनदा मोजल्या. अकरा बायकांनी पाच-पाच टाकल्या असत्या तर पंचावन्न झाल्या असत्या. तोंडाने सगळ्यांनी पाचच म्हटलं होतं. मी हिशोब केला : चांगुणाबाईंच्या पाच असणार, मग बाकी दहा जणींच्या मिळून अकरा. म्हणजे प्रत्येकीची एकेक, आणि कोणाची तरी एक जास्त. ती जास्तीची लाही मी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होते. अन्न म्हणजे देव, असं समासात लिहिलेलं होतं. मामी आल्या तशी मी वही मिटली.

नऊ विधानांची माहिती गेल्याचं सरांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एक फॉर्म पाठवला. माहिती नष्ट झाल्यास तो भरावा लागतो. कारण : आग, पूर, चोरी, इतर. मी 'चोरी'वर खूण केली. खाली विचारलं होतं, संशयित असल्यास वय. मी लिहिलं, सव्वादोन वर्षे. सरांचा फोन आला. आधी बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज, मग, "दहाव्यावरच प्रकल्प लिहा. सोळा दाणे पुष्कळ झाले. आणि अव्वा, त्या संशयिताकडं पण बघू नका."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी रोज पाहणी सुरू झाली. लुगडं टांगलेलंच राहिलं. पाटावर चार वाट्या : वरणभात, उपीट, कुस्करलेलं अंडं, दूधभाकरी. प्रत्येकीवर नंबरची चिठ्ठी, कारण चिठ्ठी नसली की सोनू त्याला अभ्यास मानायची नाही. मामी सभेत पुकारा केल्यासारखं म्हणायच्या, "सोनूबाई, हात लावायचा न्हाई! मम्मीचं हाय!" आणि आम्ही सगळे पाठ करून बसायचो.

पाठ करून बसणं काय असतं ते मला विचारा. ठसका लागला तर? अंडं कपाळाला फासलं तर? एकदा मी स्टीलच्या डब्याच्या झाकणात तिरकं बघितलं. झाकणात मला सोनू दिसली. त्याच झाकणात सोनूला मी दिसले. तिने घास खाली ठेवला आणि त्या दुपारचं जेवण बुडालं. मामींनी झाकण काढून घेतलं. "तुझे डोळे काढून मांडणीवर ठेव थोडा वेळ." शिवराजने स्टोअरच्या सवयीने रिकाम्या वाट्या तपासून सही करायला सुरुवात केली. नजरेच्या मिरच्या शनिवारी तव्यावर गेल्या नाहीत. मामींनी त्यांचा ठेचा केला.

सप्टेंबरची पाच तारीख आली. मी, मामी आणि सोनू अंगणवाडीत गेलो. मंगलबाईंनी सोनूला काट्यावर उभं केलं. आकडे वर-खाली पळू लागले, कारण सोनू काट्यावर नाचत होती.

"वैनी, तुमी तिकडं बगा," मंगलबाई म्हणाल्या. "तुमी बगितलं की ती नाचायली."

हे आता सगळ्या तालुक्याला कळलं होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर एक शेळी होती. त्या शेळीचा एकेक केस मला आजही आठवतो.

"नऊ किलो सहाशे."

मी वळले. मंगलबाईंनी कार्डावर टिंब काढलं. रेघेच्या थोडंसंच वर, पण हिरव्यात. मी ते बोटाने चाचपून पाहिलं. शाई ओली होती, टिंब आणखी वर सरकलं. मग मला रडू आलं, आणि मंगलबाईंनी पोषण आहाराच्या पोत्यावर मला बसवलं. मामी नाक शिंकरत शेळीकडे बघत होत्या.

बाहेर पडतो तर शेजारच्या दारात चांगुणाबाई उभ्या.

"चढलं म्हनं वजन. या, धपाटे टाकलेत. गरम हायेत."

"आत्ताच च्या घेऊन निघालाव बाई," मामी म्हणाल्या. हे वाक्य त्या हुमनाबादेत फक्त या दारासमोर बोलतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"मग नुसतं बसा. माज्याकडं कागदाची ताटली न्हाई, स्टीलचीच हाय."

मामी बसल्या. सतरंजीच्या कडेला. समोर तीन ताटल्या आल्या, धपाटे आणि दही. मला शांतता सहन होत नाही, म्हणून मी बोलले.

"चांगुणाबाई, त्या दिवशी दहाव्या वाटीत तुम्ही पाच टाकल्यात, त्याबद्दल मला..."

"कोन म्हनलं पाच? मी एकच टाकली."

"एक?"

"तू काय वाचलीस? कोनाच्याबी घरचं आनंदानं खाते. जिथं माजा पेला येगळा काढतेत, तिथलं आनंदानं कामून खाऊ? खाते, पर आनंदानं न्हाई. तू खरं सांगा म्हनलीस, मी खरं सांगितलं."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. दही वाढता वाढता बोलल्या. माझे कान मात्र तव्यासारखे तापले. कप मी पाहिले होते की. आणि तशातही डोकं हिशोब करू लागलं, त्याला लाज नाही. चांगुणाबाईंची एक, तर उरल्या पंधरा. त्या आमच्या दहा जणींच्या. म्हणजे जास्तीची लाही एक नव्हती. पाच होत्या. लुगड्याआड, कोणी बघत नसताना, आमच्यातल्या कोणी दोन टाकल्या होत्या, कोणी कदाचित तीन.

मी मामींकडे पाहिलं. त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"मामी, तुम्ही किती..."

"सांगायचं न्हाई म्हनली होतीस ना?" मामी म्हणाल्या. मग चांगुणाबाईंकडे न बघता, "शुक्रवारी या तुमी. कप हायेत."

"बगू की," चांगुणाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सोनूने मामींच्या ताटलीतला धपाटा ओढला आणि मोठा तुकडा तोंडात घातला. भर उजेडात, तिघींच्या देखत. आम्ही तिघीही श्वास रोखून तिच्याकडे बघू लागलो. ती चावायची थांबली.

"मंजुश्री," मामी दबक्या आवाजात म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड कर. तिच्याकडंबी बगू नको, आन माज्याकडंबी."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर बचतगटाचं कॅलेंडर होतं. मागून आधी सोनूच्या चावण्याचा आवाज आला, बारीक, घाईघाईचा. थोड्या वेळाने ताटली सरकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि दुसरं एक चावणं सुरू झालं, सावकाश, दातांत फट असलेल्या माणसाचं.

किती घास झाले ते मी मोजलं नाही.